क्रूझवर डेस्टिनेशन लेक्चरर म्हणून जायचंय, कुणाला अनुभव आहे का?

सांगलीचे_मास्तर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच. मी ३१ वर्षं हायस्कूलला इतिहास-भूगोल शिकवला, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. गेल्या डिसेंबरात मुलाने आम्हा दोघांना सिंगापूरहून पिनांग-फुकेत अशी क्रूझ घडवली. त्यात एक दिवस बोट कुठेच थांबत नव्हती, नुसता समुद्र, तेव्हा सकाळी थिएटरमध्ये एक ऑस्ट्रेलियन बाई मलाक्काच्या सामुद्रधुनीवर पाऊण तास बोलल्या आणि हॉल जवळजवळ भरलेला, सगळे साठी-सत्तरीचे लोक, आणि कोणी मधे उठलं नाही. संपल्यावर जाऊन भेटलो तर म्हणाल्या मी पॅसेंजर नाही, या बोटीवरची डेस्टिनेशन लेक्चरर आहे, पुढच्या बंदरांबद्दल आधी सांगायचं हे माझं काम.

तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. राजेंद्र चोळाने १०२५ मध्ये श्रीविजयावर आरमार पाठवलं, कडारम घेतलं, हे मी दरवर्षी फळ्यावर नकाशा काढून शिकवलंय. कडारम म्हणजे आत्ताचं केडा, पिनांगच्या समोरचाच किनारा! बोटीच्या कठड्याला उभा होतो तेव्हा तो किनारा समोर दिसत होता आणि बाईंच्या बोलण्यात चोळांचं नाव एका वाक्यात येऊन गेलं. मला वाटलं इथे मी अर्धा तास बोलू शकतो.

तर विचारायचं असं की हे काम मिळतं कसं, पैसे मिळतात का, बायकोला बरोबर नेता येतं का, आणि मी मराठी मीडियमचा, इंग्रजी वाचतो भरपूर पण बोलायची सवय कमी, तर चालेल का. वय ६०. आणि एकाने व्हॉट्सॅपवर पाठवलंय, ‘क्रूझ लेक्चरर, महिना दीड लाख, प्रोसेसिंग फी ४५ हजार, सीट लिमिटेड’. मुलगा म्हणतो थांबा, आधी कुणाला तरी विचारा. म्हणून विचारतोय.

बाबल्या_शिपवाला

मास्तर, सगळ्यात आधी तो नंबर ब्लॉक करा. एक रुपया देऊ नका.

मी सावंतवाडीचा, अकरा वर्षं क्रूझ शिपवर होतो, थिएटरमध्ये साउंड-लाइट-स्क्रीनचं काम. आपल्याकडून शिपवर क्रू पाठवणाऱ्या एजन्सीला डीजी शिपिंगचं (केंद्र सरकारचं जहाजांचं खातं) आरपीएसएल, म्हणजे माणसं भरती करून पाठवायचं लायसन लागतं, आणि नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घ्यायला त्यांना बंदी आहे. कोणाकडे लायसन आहे ते डीजी शिपिंगच्या साइटवर बघता येतं. माझ्या वाडीतल्या दोन पोरांनी असेच पैसे भरले, एकाने तर आईच्या पाटल्या मोडून, आणि शेवटपर्यंत बोटीचं नावसुद्धा कळलं नाही. म्हणून जीव तोडून सांगतोय.

दुसरं म्हणजे तुम्हाला जे काम हवंय ते बहुतेक वेळा पगारी नसतंच. लेक्चरर गेस्ट म्हणून येतात, केबिन आणि जेवण कंपनीकडून, बदल्यात सी डे (बोट कुठेच थांबत नाही तो दिवस) असेल त्या दिवशी लेक्चर द्यायचं. पगार देणाऱ्या जागा आहेत पण थोड्या, त्यातल्या बऱ्याच छोट्या एक्स्पिडिशन बोटींवर, म्हणजे आडवाटेच्या दुर्गम जागी जाणाऱ्या, आणि तिथे माणूस त्या विषयात मुरलेला लागतो. त्यामुळे ‘महिना दीड लाख’ हे वाचूनच कळतं की लिहिणाऱ्याने शिप बघितलेली नाही.

आता माझ्या बाजूचं सांगतो कारण मी पन्नासेक लेक्चरर तरी स्टेजवर चढवले असतील. फाइल आदल्या संध्याकाळी टेक्निशियनला द्या, दोन पेनड्राइव्हवर द्या, आणि एक कॉपी पीडीएफ करून ठेवा, कारण तुमच्या लॅपटॉपवरचे फॉन्ट शिपच्या मशीनवर नसले की अक्षरं इकडची तिकडे होतात. लेझर पॉइंटर आणू नका. मोठ्या बोटींवर आता मागे एलईडी वॉल असते, तिच्यावर तो लाल ठिपका दिसतच नाही, माणूस हात हलवत राहतो आणि लोक बघत राहतात की दाखवतोय काय. नकाशावर जे दाखवायचं त्याला स्लाइडमध्येच बाण काढा. बारीक रेघांचा शर्ट नको, लेक्चर रेकॉर्ड होऊन केबिनच्या टीव्हीवर परत परत लागतं आणि कॅमेऱ्यात त्या रेघा नाचतात. बायका बोलणार असतील तर कॉलर माइकजवळ मंगळसूत्र किंवा लांब माळ नको, दर श्वासाला खडखड ऐकू येते.

आणि नोव्हेंबर ते जानेवारी हाँगकाँग-व्हिएतनाम पट्ट्यात ईशान्य मोसमी वाऱ्यांनी समुद्र खवळलेला असतो. शिप हलते म्हणजे चांगलीच हलते. तेव्हा खुर्ची मागा आणि बसून बोला, त्यात काही कमीपणा नाही. एक बाई बसून बोलल्या होत्या, मागचे पडदे झुलतायत, खाली लोकांनी खुर्चीचे हात धरलेत, पण एकही जण उठला नाही कारण त्या सांगत होत्या की शिडाची जहाजं ह्याच वाऱ्यावर चीनहून मलाक्काला यायची आणि परतीचा वारा सुटेपर्यंत चार-सहा महिने तिथेच मुक्काम करायची. वारा बाहेर, गोष्ट आत. मी कन्सोलवर उभा राहून ऐकलं होतं ते.

वसईवाली

बाबल्याभाऊंनी फसवणुकीचं सांगितलं ते बरं केलं. मी माझा अनुभव लिहिते, जरा लांबेल.

मास्तर, मी ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवायचे. रिटायर झाल्यावर आत्तापर्यंत पाच फेऱ्या केल्या, तीन जपान-तैवान-हाँगकाँग बाजूला आणि दोन सिंगापूर-व्हिएतनाम. मिस्टर प्रत्येक वेळी बरोबर होते, एक माणूस बरोबर नेता येतो, केबिन एकच, आणि ती बहुधा आतली बिनखिडकीची. विमानाचं तिकीट आपलं, व्हिसे आपले, मेडिकल इन्शुरन्स आपला (बोटीवरचा डॉक्टर फार महाग पडतो, इन्शुरन्सशिवाय चढू नका), टिप्स आणि इंटरनेटचं कंपनीप्रमाणे वेगवेगळं. कंपनीकडे थेट अर्ज करता येतो किंवा परदेशी स्पीकर एजन्सीमार्फत जाता येतं. या एजन्सीज दर रात्रीमागे ठरावीक फी लेक्चररकडून घेतात. म्हणजे पैसे देणं इथेही आहे, पण ते बोट, तारीख, केबिन सगळं कागदावर आल्यावर, आणि ही नोकरी नाही हे त्या आधीच स्पष्ट सांगतात. त्या व्हॉट्सॅपवाल्यात आणि यात फरक तो.

अर्जाला काय लागतं तर थोडक्यात ओळख, सहा-आठ लेक्चर्सची नावं, प्रत्येकाखाली दोन-तीन ओळी, आणि तुम्ही बोलताय असा पाच-दहा मिनिटांचा व्हिडिओ. निवड त्या व्हिडिओवर होते असं माझं मत आहे. फोटो स्वतः काढलेले किंवा हक्क घेतलेले वापरा, नेटवरून उचललेले चालत नाहीत. सहा महिने-वर्ष आधी नेमणुका ठरतात पण ऐनवेळी कोणी आजारी पडलं की पंधरा दिवसांवरही फोन येतो, म्हणून पासपोर्ट तयार ठेवा. आणि ज्या फेरीत बोट एका प्रदेशातून दुसरीकडे सीझन बदलायला जाते तिथे सी डे जास्त, तिथे लेक्चररही जास्त लागतात, नवीन माणसाला शिरायला ती जागा चांगली.

फुकटची ट्रिप समजून मात्र जाऊ नका. लोकांना वाटतं पाऊण तास बोललं की झालं. मला एका लेक्चरला घरी दोन-तीन आठवडे लागतात. शिवाय तुम्ही दिवसभर लेक्चरर असता, नाश्त्याला, लिफ्टमध्ये, डेकवर. माणसं विचारतात बंदरापासून शहर किती लांब, आणि हे तोंडपाठच पाहिजे, कारण आशियात जाहिरातीत लिहिलेलं शहर आणि प्रत्यक्ष बंदर यात मोठं अंतर असतं. बँकॉक म्हणतात पण बोट लागते लेम चाबांगला, हो ची मिन्ह सिटी म्हणतात पण मोठी बोट फू मीला, दोन्हीकडून शहरात जायला दोन-दोन तास धरा. व्हिएतनाममधल्याच हुए आणि होई आन या जुन्या शहरांना जायचं तर बोट बऱ्याचदा चान मेला लागते. शो हाउसफुल असेल तर आपण मागे उभं राहायचं, खिडकीजवळचं टेबल पैसे भरलेल्या माणसाला द्यायचं. राजकारण-धर्मावर मतं द्यायची नाहीत, काही विकायचं नाही, बोटीच्या सहलींपेक्षा बाहेर स्वस्त पडेल असं स्टेजवरून म्हणायचं नाही. फेरी संपली की पॅसेंजर मार्क देतात आणि त्यावर पुढचं बोलावणं ठरतं.

आणि एक जास्तीचं लेक्चर कायम खिशात ठेवा. दुसऱ्या फेरीत वादळामुळे तैवानचं कीलुंग बंदर रद्द झालं, संध्याकाळी सहाला क्रूझ डायरेक्टरचा फोन की उद्या सी डे आहे, दहा वाजता तुम्ही बोला, हाँगकाँगवर. बंदराची माहिती देणारं लेक्चर आधीच झालेलं. माझ्याकडे मुंबई आणि हाँगकाँगवरचं अर्धवट टिपण होतं. रात्री दोनपर्यंत बसून पुरं केलं. कोवलून आणि हाँगकाँग बेटामधली ती हिरवी-पांढरी स्टार फेरी, तिची कंपनी १८८८ मध्ये दोराबजी नवरोजी या पारशी गृहस्थांनी काढली. हाँगकाँग विद्यापीठाच्या इमारतीला मोठी देणगी दिली ते होर्मसजी मोदी मुंबईचे, चिम शा चुईमध्ये मोदी रोड आहे तो त्यांचा. आणि त्या अगोदरचं, माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि त्या पैशावर मुंबई कशी वाढली, तेही सांगितलं, कारण चांगलं तेवढंच सांगायचं तर मग लेक्चर कशाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक म्हातारे ब्रिटिश गृहस्थ मला शोधत आले, मोबाइलमधला फोटो दाखवायला, मोदी रोडच्या पाटीचा. एवढंच. पण ते मुद्दाम वाट वाकडी करून त्या पाटीपर्यंत गेले होते ना.

सांगलीचे_मास्तर

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. नंबर ब्लॉक केला. ४५ हजार वाचले असंच म्हणतो, कारण खरं सांगायचं तर अर्धा निर्णय झाला होता.

वसईवाली ताई, इंग्रजीचं काय? आणि विषय कसा निवडलात? मी यादी करायला बसलो तर आग्नेय आशियाचा इतिहास, बौद्ध धर्माचा प्रसार, वसाहतवाद, असं मोठं मोठंच सुचतंय.

मेघा_पुंगोल

काका, मी सिंगापूरला १४ वर्षं आहे, व्हिसाबद्दल लिहिते कारण भारतीय पासपोर्टवर बोटीने फिरताना खरी डोकेदुखी ती आहे आणि बरोबरच्या ऑस्ट्रेलियन, ब्रिटिश लेक्चररना ती कल्पनाच नसते, त्यामुळे कंपनीच्या मेलवर विसंबून राहू नका. सिंगापूरला व्हिसा लागतो आणि बोट इथूनच निघून इथेच परत येणार असेल तर मल्टिपल एंट्री आहे ना ते बघा. जपानचं तेच, बोट मधे कोरियातल्या बुसानला जाऊन परत जपानात आली की ती दुसरी एंट्री धरतात. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, पण त्यात प्रवेशाचं बंदर निवडावं लागतं, तिथे विमानतळ टाकून मोकळे होऊ नका. हाँगकाँगला आपल्याला व्हिसा नाही पण जायच्या आधी ऑनलाइन रजिस्ट्रेशन करून त्याचा कागद बरोबर ठेवावा लागतो, फुकट असतं. नियम सारखे बदलतात तेव्हा प्रत्येक वेळी त्या त्या देशाच्या सरकारी साइटवर बघा. आणि कंपनीला आधीच विचारा की मला पॅसेंजर यादीत दाखवणार की क्रू म्हणून साइन ऑन करणार, कारण क्रू म्हटलं की कागद वेगळे, मेडिकल वेगळं.

इंग्रजीसाठी एक सुचवू का? इथे फ्रेंड्स ऑफ द म्युझियम्स म्हणून संस्था आहे, तिच्या व्हॉलंटियर गाइड म्युझियममध्ये लोकांना फिरवतात, मीही ते ट्रेनिंग केलं. एका मूर्तीपुढे उभं राहून चार मिनिटं अनोळखी माणसांना धरून ठेवायचं, हे जमलं की थिएटर जमतं. तुम्ही सांगली-मिरजेला, कोल्हापूरला परदेशी पाहुणे येत असतील त्यांना एखादं देऊळ दाखवायला सुरुवात करा. पाठ केलेलं इंग्रजी तिथेच गळून पडतं आणि आपलं स्वतःचं उरतं.

वसईवाली

मेघाने अगदी बरोबर सांगितलं, फॉर्म भरताना बंदराचं माझ्याही ओळखीत एकांचं चुकलं होतं, फू मीला सगळे उतरले आणि ते गँगवेवरून परत.

इंग्रजीची काळजी करू नका. समोर अर्धे लोक साठीच्या पुढचे, काहींना ऐकायला कमी येतं. सावकाश, छोटी वाक्यं, आपल्या उच्चारात. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला कळेल असं जसं बोलायचात तसंच.

विषयाचं मात्र मी चुकले होते म्हणून नीट लिहिते. पहिल्या फेरीत नागासाकीवर लेक्चर होतं. मी सगळं घातलं, पोर्तुगीज, १६४१ पासून देजिमा बेटावर कोंडून ठेवलेले डच व्यापारी, मेईजी काळ, ९ ऑगस्ट १९४५ सकाळी ११ वाजून २ मिनिटं. सनावळीत एक चूक नव्हती. लोक ऐकत होते पण शाळेतली मुलं ऐकतात तसं. शेवटी एका आजींनी विचारलं, ‘तुम्ही स्वतः उद्या कुठे जाणार?’ मी पटकन म्हटलं, ‘मी माझ्या गावच्या माणसाला भेटायला जाणारे.’ आणि हॉल एकदम गप्प झाला.

आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया. वसईत त्यांच्या नावाचं कॉलेज आहे, लहानपणापासून त्यांचा सण बघत आले. वडील पोर्तुगीज, आई वसईची. जपानला गेले, भाषा शिकले, व्यापार केला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघात गेले आणि जपानी चांगलं येत होतं म्हणून दुभाषे होऊन परत जपानला. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी, त्याने पकडलेल्यांना ऐन थंडीत कियोतोहून नागासाकीपर्यंत चालवत आणलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर मारलं. सगळ्यात लहान मुलगा १२ वर्षांचा होता. हे सगळं मला पाठ होतं आणि लेक्चरमध्ये मी एक शब्द घातला नव्हता, मला वाटलं हे आपलं घरचं, जगाला कशाला.

दुसऱ्या दिवशी आठ-दहा पॅसेंजर माझ्याबरोबर आले. बंदराजवळून ट्राम, नागासाकी स्टेशनला उतरायचं, तिथून थोडा चढ. वर एका लांब भिंतीवर २६ ब्राँझचे पुतळे ओळीने, पाय जमिनीला न टेकलेले, लोंबते, बहुतेकांचे हात जोडलेले. पाऊस भुरभुरत होता. म्युझियममधल्या बाईंनी बाहेर येऊन मला त्यातले गोन्सालो दाखवले. घरून निघताना आईने दिलेली मेणबत्ती होती पर्समध्ये, पावसात पेटेना, तर काल प्रश्न विचारणाऱ्या त्या आजींनी आपली छत्री माझ्यावर धरली. आम्ही दोघी तिथे बराच वेळ होतो.

त्या रात्री केबिनवर जाऊन लेक्चर पहिल्यापासून लिहिलं. आता नागासाकी सुरू होतं वसईच्या किल्ल्यापासून, बॉम्बपर्यंत येतं तेव्हा लोकांना ते शहर माहितीचं झालेलं असतं, आणि मग मला आकडे मोठ्याने सांगावे लागत नाहीत.

तर मास्तर, ‘बौद्ध धर्माचा प्रसार’ नको. उद्या सकाळी नऊ वाजता माणूस बसमधून उतरणारे, त्याला समोर काय दिसेल, ते घ्या. तुम्ही तिकडचे, खिद्रापूरचं कोपेश्वर देऊळ किती वेळा पाहिलं असेल?

सांगलीचे_मास्तर

खिद्रापूरला पोरांची सहल दरवर्षी. पंचवीस वेळा तरी. डोळे मिटून स्वर्गमंडप सांगू शकतो.

वसईवाली

मग होई आनच्या फेऱ्यांसाठी माय सन घ्या. व्हिएतनाममधल्या जुन्या चंपा राज्याची शंकराची देवळं, चौथ्या शतकापासून तेराव्यापर्यंत बांधत गेलेली, विटांची, भद्रेश्वर नावाचं लिंग. जवळजवळ सगळे पॅसेंजर ‘व्हिएतनाममध्ये शंकर?’ असं विचारतात. १९६९ मध्ये अमेरिकन बॉम्बमध्ये तिथलं सगळ्यात मोठं देऊळ गेलं, आणि अमेरिकन पॅसेंजर समोर बसलेले असतात तेव्हा ते कसं सांगायचं याचा आधी विचार करावा लागतो, पण टाळायचं नाही. आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे दुरुस्तीचं काम करत होती, त्यात २०२० मध्ये वालुकाश्माचं अखंड शिवलिंग निघालं. जोडीला डा नांगचं चाम शिल्पांचं म्युझियम, १९१९ चं. दगडात देऊळ वाचायला तुम्ही पोरांना शिकवलंय, तेच विटेत शिकवायचं.

बाबल्या_शिपवाला

मास्तर, व्हिडिओ मोबाइलवरच काढा पण आडवा धरून, आणि माइकवाला इअरफोन लावा. आवाज खराब असला की बघणारा दहा सेकंदात बंद करतो. हवं तर मला पाठवा, आवाज साफ करून देतो.

सांगलीचे_मास्तर

चार दिवसांनी लिहितोय. काल मुलगा आला होता, त्याला घेऊन सकाळी सात वाजता खिद्रापूरला गेलो, माणसं नव्हती. स्वर्गमंडपाच्या मधोमध उभा राहिलो, वर ते गोल उघडं आभाळ, आणि इंग्रजीत सुरुवात केली. पहिल्यांदा अडकलो, दुसऱ्यांदा अडकलो, मग मुलगा म्हणाला बाबा, ते कागद मला द्या. दिले. तिसऱ्यांदा साडेसहा मिनिटं बोललो. शेवट असा केला की इथे मी लहानपणापासून येतोय, आणि इथून हजारो किलोमीटरवर याच देवाची विटांची घरं आहेत, उद्या आपण तिथे जाणार आहोत. घरी येऊन बायकोला दाखवलं, तिला इंग्रजी फारसं कळत नाही तरी शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाली पासपोर्ट कधी संपतोय ते बघा आधी.

बाबल्याभाऊ, फाइल मोठी आहे, कशावर पाठवू? वसईवाली ताई, तुम्हालाही पाठवतो, जिथे चुकतंय तिथे निःसंकोच सांगा.

वसईवाली

पाठवा. रविवारी मिस्साहून आले की बघते. आणि पासपोर्टला सहा महिने शिल्लक हवेत, तुमच्या मिसेसनी बरोबर पकडलं.